फोटो कशानं काढायचा, ते नंतर ठरवू

पत्र थोडक्यात असं: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एक वाचक भगिनी नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एका बाजूला टेबल मांडून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, गृह आधार योजनेचे कागद, विजेची बिलं. प्रत्येक कामाचा पुरावा म्हणून त्या मोबाइलवर मॉनिटरचा फोटो काढतात आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. फोटोत रेघा येतात, मागची ट्यूबलाइट चमकते, अक्षरं लागत नाहीत. मध्यंतरी एकाचा अर्ज अडकला, तेव्हा कचेरीत त्या फोटोकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. आता भाचा म्हणतो, पडद्याचं चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट काढणारं शेअरएक्स टाक. दीर म्हणतात त्याच कामाचं स्नॅगिट घे, क्रॅक केलेलं आणून देतो, पैसे लागत नाहीत. नवरा म्हणतो, मोबाइल आहे ना, मग कशाला नसती उठाठेव! मशीन जुनं, विंडोज १० वालं. चवथीनंतर हाताखाली एक मुलगी येणार आहे, तिला शिकवायला बाण काढलेले, मराठीत लिहिलेले कागद करायचे आहेत. ‘ह्यातलं नेमकं कुठलं घेऊ? एकदाच काय ते सांगा.’

ताई, एकदाच सांगायचं तर त्याच कामाचं तिसरं टूल, ग्रीनशॉट टाका. फुकट आहे, रीतसर फुकट आहे, आणि तुमच्या कामाला पुरून उरेल. पण लगेच नको. आधी आठवडाभर विंडोजमध्ये स्क्रीनशॉटची जी सोय आहे तीच वापरून बघा. कदाचित दुसरं काही लागणारही नाही.

एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं. पण ‘प्रत्येक कामाचा पुरावा म्हणून’ हे तुमचे शब्द मला अडवतात. टूल कुठलंही घ्या, भाच्याचं, दिरांचं नाही तर माझं, कचेरीत त्या दिवशी जे झालं ते पुन्हा होईल. चित्र स्वच्छ निघेल, एवढाच काय तो फरक.

तुमच्याच दुकानातलं बघा. गिऱ्हाईक यूपीआयनं पैसे भरतं आणि ‘पेमेंट झालं’ असा हिरव्या टिकेचा स्क्रीनशॉट तुमच्यासमोर धरतं. तुम्ही तेवढ्यावर विश्वास ठेवता का? नाही ना. स्पीकर बोलेपर्यंत किंवा आपल्या फोनवर मेसेज येईपर्यंत थांबता, कारण तसं चित्र कोणालाही दोन मिनिटांत बनवता येतं हे आता भाजीवालीलाही ठाऊक आहे. मग कचेरीतल्या कारकुनानं तुमच्या स्क्रीनशॉटवर का विश्वास ठेवावा? तो खडूसपणे वागला असेलही, पण मुद्दा त्याचा बरोबर आहे. त्याला हवा असतो अर्जाचा क्रमांक. तो त्यानं त्याच्या संगणकावर घातला की अर्ज कुठे अडकलाय ते त्याला दिसतं.

म्हणून अर्ज भरून झाला आणि पोचपावतीचं पान आलं की फोटोच्या भानगडीत पडूच नका. कंट्रोल आणि पी दाबा, प्रिंटरच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा आणि पावती सेव्ह करा. हे विंडोज १० मध्ये आधीपासूनच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. पोर्टलवरच ‘डाउनलोड’चं बटण असेल तर त्याहून उत्तम. पीडीएफमधला क्रमांक कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येतो. फोटोतला क्रमांक बघून बघून टाइप करावा लागतो, आणि तिथेच शून्याचा ओ होतो. शिवाय गिऱ्हाइकाला कागद हवा असेल तर प्रिंटर तुमच्या कोपराशीच आहे.

कोर्टकचेरीपर्यंत गेलंच, तर नुसता स्क्रीनशॉट तिथेही पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात कशी द्यायची ते सांगितलंय, आणि त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. तुमच्या टेबलावरचं काम तिथवर जायचं काही कारण नाही. पण घराच्या वाटणीच्या भांडणात व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट जमवून ठेवणारे वाचक बरेच आहेत, त्यांनी मूळ मेसेज फोनमधून उडवू नयेत, म्हणून हे लिहिलं.

मग स्क्रीनशॉट घ्यायचा कधी? जे छापता येत नाही आणि पुन्हा दिसेल याची खात्री नाही, तेव्हा. पैसे कापले गेले आणि पान पांढरं पडलं. ‘सेशन एक्स्पायर्ड’ आलं. फाइल अपलोड होत नाही आणि लाल अक्षरांत काहीतरी आलंय. अशा वेळी कापाकापी न करता अख्खा पडदा घ्या. वर पत्त्याची पट्टी दिसली पाहिजे आणि खाली उजवीकडचं घड्याळही. हेल्पलाइनवाला पहिल्यांदा विचारतो ‘कुठल्या पानावर आणि किती वाजता’, आणि ही दोन्ही उत्तरं पडद्याच्या दोन टोकांना असतात. नेमका चौकोन कापून पाठवणाऱ्याकडून नेमकं तेच सुटतं.

आता कळा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत उजवीकडे प्रिंट स्क्रीन आहे. नुसती ती दाबली की चित्र क्लिपबोर्डवर जातं, म्हणजे कुठेतरी चिकटवेपर्यंत अधांतरी राहतं. विंडोजची कळ धरून ती दाबली की पडदा क्षणभर अंधारतो आणि चित्र थेट ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये फाइल होऊन पडतं. ऑल्ट धरून दाबली तर फक्त समोरची खिडकी येते. आणि विंडोज, शिफ्ट, एस एकदम दाबलं की पडदा फिकट होतो आणि माऊसनं हवा तेवढा भाग ओढून घेता येतो. विंडोज १० मध्ये हा शेवटचा प्रकार आपोआप सेव्ह होत नाही. कोपऱ्यात सूचना येते, तिच्यावर क्लिक करून स्वतः सेव्ह करावं लागतं. लॅपटॉप असेल तर काही मॉडेलवर सोबत एफएन धरावी लागते.

तुमच्यासाठी मी विंडोज अधिक प्रिंट स्क्रीनच सांगेन, आणि कारण साधं आहे. आपल्याकडे जूनमध्ये पहिली सर आली की वीज जाते. क्लिपबोर्डवरचं चित्र मेमरीत असतं, मशीन बंद पडलं की गेलं. फाइल डिस्कवर राहते. पैसे कापल्याचं पान ज्या दिवशी अडकतं त्याच दिवशी वीज जाणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक सावधगिरी. विंडोज आणि व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास चालू करता येतो, मागच्या २५ गोष्टी त्यात राहतात. घरी फार उपयोगाचा. पण ज्या मशीनवर दिवसभर दुसऱ्यांचे आधार क्रमांक कॉपी होतात आणि जिथे उद्या एक नवी मुलगी बसणार आहे, तिथे तो बंदच बरा.

आता उमेदवारांकडे वळू. भाच्याचं शेअरएक्स वाईट नाही, उलट ताकदीचं आहे. फुकट, मुक्त स्रोत, लांबलचक पान खाली सरकवत एकाच चित्रात घेणारं. पण त्याच्या मेनूत एवढी कामं आहेत की ज्याला स्क्रीनशॉटचीच आवड आहे त्यानं ते वापरावं. आणि त्यात चित्र काढल्याबरोबर इंटरनेटवर चढवायची सोय आहे. भाच्यानं ते टाकून दिलंच, तर त्याला समोर बसवून ‘आफ्टर कॅप्चर टास्क्स’ उघडायला लावा आणि होस्टवर अपलोड करण्याची खूण काढलेली आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

चित्र अपलोड करून लिंक देणाऱ्या टूल्सबद्दल मी जरा कडकच आहे. लाइटशॉट हे त्यातलं लोकप्रिय. त्याच्या अपलोडच्या लिंकमध्ये सहा अक्षरांचा छोटा संकेत असायचा. त्यातलं एखादं अक्षर बदललं की दुसऱ्याच कोणाचं तरी चित्र उघडायचं. पासवर्ड नाही, काही नाही. लोकांची बँक खाती, ओळखपत्रं अशी उघड्यावर पडली. आपली चित्रं आपल्या डिस्कवर ठेवणारं टूल घ्यायचं, ह्या एका अटीवरच निम्मी यादी गळते.

स्नॅगिट १९९० पासूनचं, नावाजलेलं. शिकवण्याचं साहित्य रोज तयार करणाऱ्यांना त्याचे पैसे वसूल होतात. तुम्हाला वर्षातून एकदा दहा-बारा पानं करायची आहेत. आणि क्रॅक केलेली प्रत तर नकोच. त्यात चोरीचा भाग आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी तुमच्या मशीनवर दिवसभर ओटीपी, आधार आणि बँकेची पासबुकं येतात-जातात. पडद्याचं चित्र काढायची परवानगी असलेला, कोणीतरी आतून फोडलेला प्रोग्राम तुम्ही अशा मशीनवर बसवणार?

ग्रीनशॉट छोटं आहे. प्रिंट स्क्रीनची कळ स्वतःकडे घेतं, चित्र काढलं की विचारतं ह्याचं काय करू: सेव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर की एडिटर. एडिटरमध्ये बाण, चौकोन, मजकूर, आणि क्लिक करत जाल तसे १, २, ३ असे चढते आकडे टाकणारं साधन. तुमच्या होऊ घातलेल्या मदतनीस मुलीसाठी हे आकडेच कामाचे. पोर्टलच्या पानावर ‘इथे १, मग २’ टाकून खाली मराठीत एकेक ओळ. टाकल्यावर सगळ्यात आधी मजकुराच्या चौकटीत ‘प्रतिज्ञापत्र’ आणि ‘ज्येष्ठ’ लिहून बघा. जोडाक्षरं फुटली तर फॉन्ट बदलून निर्मला किंवा मंगल घ्या. तरी जमलं नाही तर चित्र वर्डमध्ये चिकटवून बाजूला टाइप करा. उतरवताना मात्र ‘गेटग्रीनशॉट डॉट ऑर्ग’ हा पत्ता स्वतः टाइप करा. शोधून गेलात की भलत्याच साइटवरची मोठी हिरवी ‘डाउनलोड’ बटणं समोर येतात.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी लगेच करा. सेव्ह होण्याचं फोल्डर ठरवा, आणि फाइलच्या नावाचा साचा वर्ष-महिना-दिवस असा ठेवा, म्हणजे यादी आपोआप तारखेनं लागते. विंडोज आपल्या मनानं ‘स्क्रीनशॉट (१४३)’ अशी नावं देतं. सहा महिन्यांनी त्यातून काही सापडत नाही. नावात कामाचा प्रकार आणि अर्ज क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घाला. गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव नको.

कारण पुढचा मुद्दा, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा. तुम्ही आजवर मोबाइलवर काढलेले फोटो आता कुठे आहेत? गॅलरीत. मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या शेजारी गावातल्या लोकांचे आधार, उत्पन्नाचे आकडे, घरपट्टी. फोनवर बॅकअप चालू असेल तर गूगल फोटोजवरही. फोन मुलाच्या हातात गेला की त्याच्याही हातात. तुमच्यावर विश्वास टाकून म्हाताऱ्या माणसांनी हे कागद दिलेत, त्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही. म्हणून नवऱ्याचं ‘मोबाइल आहे ना’ मला पटत नाही; रेघा आणि ट्यूबलाइट ही त्यातली किरकोळ बाब. ते फोटो बसून एकदा काढून टाका, ‘नुकतेच हटवलेले’मधूनही. आणि संगणकावरचं नवं फोल्डर दर महिन्याला रिकामं करायची सवय लावा. काम झालं, दाखला हातात पडला की चित्राची गरज संपली. फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हला जोडलेलं नाही ना तेही बघा, कारण ‘पिक्चर्स’ पुष्कळदा नकळत इंटरनेटवर जात असतं.

शिकवणीच्या कागदावर खऱ्या गिऱ्हाइकाची माहिती आली तर ती झाकायची कशी, यात लोक फसतात. धूसर करणं किंवा चौकडे पाडणं पुरेसं नाही. ठरावीक लांबीचे आकडे असे झाकले तर अंदाजानं परत काढता येतात. फोनवरचा काळा हायलायटर तर अर्धपारदर्शक असतो, चित्राचा उजेड वाढवला की खालचं दिसतं. वर्डमध्ये काळी पट्टी ठेवून फाइल पाठवली तर समोरचा पट्टी उचलून बाजूला ठेवतो. पूर्ण भरीव काळा चौकोन टाका आणि पीएनजी ह्या साध्या चित्राच्या प्रकारात सेव्ह करून तीच प्रत पाठवा. ग्रीनशॉटचा स्वतःचा फाइल प्रकारही आहे. त्यात चौकोन सुटा राहतो, तो बाहेर पाठवायचा नाही.

कापून टाकलेला भागही नेहमी जातोच असं नाही. मार्च २०२३ मध्ये हे उघड झालं. विंडोज ११ चं स्निपिंग टूल आणि विंडोज १० चं स्निप अँड स्केच, म्हणजे विंडोजचे स्वतःचे स्क्रीनशॉटचे प्रोग्राम, चित्र कापून त्याच नावानं सेव्ह करताना जुन्या फाइलची शेपटी तशीच ठेवत होते. चित्रात न दिसणारा भाग फाइलमधून काही प्रमाणात परत काढता येत होता. गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही तसलाच दोष निघाला. मायक्रोसॉफ्टनं त्याच महिन्यात दुरुस्ती दिली, पण त्याआधी कापून पाठवलेल्या फाइली जशा होत्या तशाच राहिल्या. टूल अद्ययावत ठेवा, आणि कापलेलं चित्र नेहमी नव्या नावानं सेव्ह करा.

ह्या सगळ्याहून सोपं म्हणजे शिकवणीच्या कागदासाठी स्वतःचाच अर्ज उघडायचा आणि ‘सबमिट’च्या आधी थांबायचं. आधार जोडायचा असेल तिथे आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात १२ पैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. काही गिऱ्हाइकांनाही हे सांगा, जिथे चालतं तिथे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवलं की ते आकसतं आणि अक्षरं गिचमिड होतात. क्लिपच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ निवडा. लांब पान एका चित्रात हवं असेल तर टूल लागतच नाही: फायरफॉक्समध्ये पानावर उजवं क्लिक करून ‘टेक स्क्रीनशॉट’, मग पूर्ण पान. एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. मॅकवर कमांड, शिफ्ट, ५ मध्ये २०१८ पासून सगळं एकत्र आहे, बहुतेकांना तेवढंच पुरतं. लिनक्सवाल्यांच्या नोम ह्या डेस्कटॉपमध्ये २०२२ च्या आवृत्ती ४२ पासून चांगली सोय आली, केडीईवर स्पेक्टॅकल आहे. बाण-मजकूर हवा असेल तर फ्लेमशॉट, पण वेलँड ह्या पडदा हाताळणाऱ्या नव्या व्यवस्थेवर ते आधी तपासून घ्या. विंडोज ११ असेल तर स्निपिंग टूल आता चित्रातला मजकूरही उचलतं. मराठी अक्षरांसाठी मात्र मी गूगल लेन्सवरच जाईन.

आणि तुमचं विंडोज १०. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतात. लोकांचे कागद हाताळणाऱ्या मशीनच्या बाबतीत हा प्रश्न स्क्रीनशॉटच्या टूलच्या कितीतरी आधी येतो. ११ ला ते मशीन चालतं का, हे सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर बघता येईल. भाच्याला शेअरएक्सऐवजी ह्या कामाला लावा.

राहिले दीर. त्यांना नाही म्हणायची पंचाईत आहे, हे पत्रातून कळतंच. माणूस मदत करायला आलाय, फक्त भलती मदत घेऊन. त्यांना सांगा, सॉफ्टवेअरचं जमलं, पण वीज गेली की मशीन धाडकन बंद पडतं आणि अर्धा भरलेला अर्ज जातो. यूपीएसची बॅटरी तेवढी बदलून द्या. बिल मात्र तुम्ही भरा.